तीन अक्षरांतून बायबल कसं वाचतात

तहसील कचेरीत महसूल जमा होतो, आणि ज्या कामातून काही हाती लागणार नाही त्याबद्दल आपण विचारतो, 'त्यात काय हशील?' तहसील, महसूल, हशील. तिन्ही शब्द रोजच्या तोंडातले, पण ती एकाच घरातली भावंडं आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. ते अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. अरबीत ह-स-ल ही तीन व्यंजनं या क्रमाने आली की 'हाती येणं, पदरात पडणं' हा अर्थ जागा होतो. मधल्या फटींत वेगवेगळे स्वर भरले, पुढे 'म' किंवा 'त' जोडला, की हासिल म्हणजे हाती आलेलं, महसूल म्हणजे वसूल झालेलं, तहसील म्हणजे वसुलीचं काम. मराठीत शिरताना एका 'स'चा 'श' झाला, एवढंच.

हिब्रू ही अरबीची बहीण. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात आणि ज्यू लोक तनाख म्हणतात, तो ग्रंथ थोडा अरामी भाग सोडला तर सगळा हिब्रूत आहे, आणि हिब्रू शब्दही याच रीतीने घडतात. शब्दाच्या पोटात साधारण तीन व्यंजनं असतात. त्यांना हिब्रूत 'शोरेश' म्हणतात. झाडाच्या मुळालाही तोच शब्द आहे. आपण त्याला धातू म्हणू, पण संस्कृत धातूपेक्षा त्याची चाल वेगळी आहे. संस्कृतात 'गम्'ला पुढून 'आ' आणि मागून 'अन' लावलं की आगमन होतं, मधला 'गम्' ओळखू येतो. हिब्रू धातूचा नुसता उच्चारच करता येत नाही, कारण त्यात स्वर नसतात. म-ल-ख घ्या. मेलेख म्हणजे राजा, मल्का म्हणजे राणी, मल्खूत म्हणजे राज्य, मालाख म्हणजे 'त्याने राज्य केलं', हिम्लीख म्हणजे 'त्याने कुणाला तरी राजा केलं'. अरबीत हीच तीन व्यंजनं आहेत, आणि तिथूनच आपल्याकडे मालक आणि मुलूख आले. क्रियापदं घडवायचे सात मुख्य साचे आहेत. एकाच धातूतून एक साचा 'करणं' सांगतो, दुसरा 'करवणं', तिसरा 'आपल्याआपण होणं'. या साच्यांना 'बिन्यान' म्हणतात, म्हणजे बांधकाम.

यामुळे हिब्रू वाचणाऱ्याच्या कानात एक गोष्ट सतत घडत असते. एक शब्द वाचला की त्याच व्यंजनांचे दुसरे शब्द आत कुठेतरी हलतात. भाषांतरात ते हलत नाहीत, कारण तिथे राजा, सत्ता आणि अभिषेक हे तीन सुटे शब्द असतात. बायबलच्या अर्थावरून दोन हजार वर्षं जे वाद झाले, त्यांतला बराच भाग या हालचालीचं काय करायचं यावरून झालेला आहे.

आधी लिपीची अडचण सांगतो. हिब्रूची अक्षरं २२, आणि सगळी व्यंजनं. काही अक्षरं अधूनमधून दीर्घ स्वराची खूण म्हणून वापरली जात, पण बाकी स्वर वाचणाऱ्याने आपल्या माहितीने भरायचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' यांतलं काय घ्यायचं ते संदर्भ सांगतो. हिब्रूत ही मोकळीक कितीतरी मोठी होती. अक्षरांच्या खाली-वर टिंबं आणि रेघा देऊन स्वर पक्के करण्याचं काम गालीलच्या सरोवराकाठी तिबिरिया गावातल्या पंडितांनी केलं. त्यांना मासोरेती म्हणतात. दहाव्या शतकापर्यंत त्यांची पद्धत पूर्ण झाली होती. संपूर्ण हिब्रू बायबलची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत इ.स. १००८ च्या सुमाराची आहे.

पण बायबलचं ग्रीक भाषांतर त्याच्या हजार वर्षं आधीच सुरू झालं होतं, आणि त्या भाषांतरकारांसमोर टिंबं नव्हती. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव उत्पत्ती. त्याच्या ४७ व्या अध्यायाच्या शेवटी म्हातारा याकोब मरणाच्या दारात आहे. मुलगा योसेफ शपथ घेतो, आणि मग याकोब कशावर तरी वाकून नमन करतो. अक्षरं आहेत म-ट-ह. 'मित्ता' वाचलं तर बिछाना, 'मत्ते' वाचलं तर काठी. मासोरेतींनी बिछान्याचे स्वर दिले: म्हातारा उशाकडे वाकला. ग्रीक भाषांतरकारांनी काठी वाचली, आणि नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातही याकोब काठीच्या टोकावर टेकून भक्ती करतो. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत. एकात अंथरुणाला खिळलेला बाप दिसतो, दुसऱ्यात अजून वाटेवर असलेला.

रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली नावाचं चर्च आहे. तिथे मायकेलअँजेलोने १५१५ च्या सुमारास घडवलेला मोशेचा (मोझेसचा) पुतळा आहे, आणि मोशेच्या डोक्यावर दोन शिंगं आहेत. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. याचं मूळ तीन व्यंजनांत आहे, क-र-न. मोशे देवाशी बोलून सीनाय डोंगरावरून खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची कातडी 'कारन' झाली होती, असं निर्गम या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात तीनदा म्हटलंय. 'केरेन' म्हणजे शिंग. बेथलेहेमला राहून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, धातू धरून 'शिंगं फुटली' असं केलं. त्याच्या आधीच्या ग्रीक भाषांतरात 'तेजस्वी झाला' असं होतं. हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या हातातून 'कर्नायिम' निघतात, आणि तिथे शिंगासारखे फाकणारे प्रकाशाचे झोत हाच अर्थ नीट बसतो. म्हणजे मोशेचा चेहरा झळकत होता. लोक त्याच्याजवळ जायला भ्याले आणि त्याने तोंडावर पदर घेतला, ही पुढची हकीकतही त्याला धरून आहे.

जेरोमला हिब्रू येत नव्हतं असं मुळीच नाही. त्याच्या काळातल्या ख्रिस्ती पंडितांत त्याच्याइतकं हिब्रू क्वचितच कुणाला येत असेल. त्याने धातूला मान दिला आणि वाक्याला कमी दिला. (केरेन आणि किरण हे जुळे वाटतात म्हणून मराठी वाचक इथे खूश होईल. पण आपला 'किरण' विखुरण्याच्या 'कॄ' धातूतून येतो, त्याचा हिब्रूशी संबंध नाही. कानाला गोड लागलं म्हणून नातं जोडण्याचा मोह किती पटकन होतो, ते यावरून कळावं.)

धातू जिथे खरोखर काम करतात तिथे ते कसे करतात हे पाहायचं तर उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढावा. जमीन कसायला 'आदाम' नव्हता, म्हणून देवाने 'अदामा'च्या धुळीतून 'आदाम' घडवला. अदामा म्हणजे शेतीची माती, आदाम म्हणजे माणूस. मातीचा तो मातीव, असं काहीतरी मराठीत नवंच बनवावं लागेल. हिब्रूत 'आदोम' म्हणजे तांबडा आणि 'दाम' म्हणजे रक्त, तेही याच आवाजात मिसळतात. व्याकरणाने हे चारही शब्द एका धातूचे आहेत का, यावर पंडितांत एकमत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला त्याची पर्वा नाही, तो कानाशी बोलतोय. चौथ्या अध्यायात काइन भावाला मारतो तेव्हा भावाचं 'दाम' 'अदामा'तून ओरडतं. पुढे २५ व्या अध्यायात एसाव तांबूस जन्मतो, भुकेने कासावीस होऊन 'ते तांबडं, ते तांबडं' म्हणत कालवणासाठी थोरलेपण विकतो, आणि म्हणून त्याचं नाव अदोम पडतं.

आपल्याकडे 'आदमी' म्हटलं की पुरुष डोळ्यांसमोर येतो. पहिल्या अध्यायात मात्र देवाने आदाम निर्माण केला आणि लगेच पुढे 'नर आणि मादी अशी त्यांना निर्माण केली' असं वाक्य आहे. शब्दाला 'तो' हे निश्चयवाचक उपपद लावलंय, आणि विशेषनामाला हिब्रूत ते सहसा लागत नाही. भाषांतरकाराने इथे 'आदाम' लिहिलं तर एका पुरुषाची गोष्ट सुरू होते, 'मनुष्य' लिहिलं तर सगळ्यांची.

आणखी एक शब्द, ज्यात मराठी चक्क पुढे निघून जाते. 'रूआह' म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. पहिल्याच पानावर अंधार आहे, पाणी आहे, आणि पाण्यावर देवाचा रूआह आहे. वारा म्हणावं की आत्मा? संस्कृत वळणाचा 'आत्मा' लिहिला की वाऱ्याची झुळूक बंद पडते. पण आपल्या खेड्यापाड्यांत 'वारं' नुसतं झाडांतून वाहत नाही. जत्रेत बाईच्या अंगात वारं येतं, देवाचं वारं. हवा आणि देवाचा संचार एकाच शब्दात धरणारी ही मराठी, रूआह समजायला 'आत्म्या'पेक्षा मला जास्त उपयोगी वाटते. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात सुकलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्यात संदेष्टा चारही दिशांच्या वाऱ्यांना हाक मारतो, श्वास हाडांत शिरतो, आणि शेवटी देव म्हणतो, मी माझा आत्मा तुमच्यात घालीन. तिन्हीकडे रूआहच. वाचणाऱ्याने कुठे थांबून अर्थ बदलायचा? हिब्रूत थांबावंच लागत नाही.

त्या पहिल्या पानावर रूआह काय करतो, तर 'मेराहेफेत'. हे क्रियापद संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये मोजून तीनदा येतं. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात गरुड पक्षीण आपल्या पिलांवर पंख फडफडवत घिरट्या घालते तिथे ते आहे. यिर्मयाच्या २३ व्या अध्यायात हाडं थरथरतात तिथे आहे. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर मोठे सिद्धान्त उभारू नयेत, पण पाण्यावरची ती हालचाल स्थिर नाही, पंखांसारखी थरथरती आहे, इतकं धरता येतं.

पापाच्या शब्दाचंही असंच. 'हेत' हा पापासाठीचा नेहमीचा शब्द, आणि प्रवचनांत हमखास सांगतात की त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. याला आधार आहे. शास्ते या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात बन्यामिनी कुळातले सातशे डावखुरे गोफणवाले केसावर धोंडा मारला तरी 'चुकत नसत', तिथे हाच धातू आहे. मराठी वाचकाला यात आश्चर्य वाटू नये. नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो आणि माणसाच्या हातून चूक होते. पण 'माझी चूक झाली' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर धनुष्यबाण येत नाही. दावीद राजा 'मी पाप केलं' म्हणतो तेव्हा त्याच्याही डोळ्यांसमोर गोफण असेलच असं नाही.

इथे कळीचा प्रश्न येतो: धातूचा अर्थ शब्दात किती उरतो? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'कर्मणि कुशलः' हे उदाहरण प्रसिद्ध आहे. कुशल म्हणजे मुळात कुश आणणारा, धारदार गवत हात न कापता खुडणारा. पुढे तो नुसता निपुण झाला, आणि स्वयंपाकात कुशल असलेल्या बाईला गवताशी देणंघेणं उरलं नाही. शास्त्रकारांनी याला रूढी म्हटलं. 'पंकज' चिखलात जन्मलं हे खरं, पण चिखलात जन्मलेल्या बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही.

बायबलच्या अभ्यासात हीच गोष्ट ठणकावून सांगितली ती जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने, १९६१ साली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक धर्मपंडित हिब्रू धातू उलगडून 'हिब्रू मन' असं असतं, तसं असतं, असे निष्कर्ष काढत होते. बारने एक साधं उदाहरण पुढे ठेवलं. 'लेहेम' म्हणजे भाकर, 'मिल्हामा' म्हणजे लढाई. व्यंजनं तीच, ल-ह-म. म्हणून काय इस्राएली लोक प्रत्येक लढाई भाकरीसाठी लढत होते असं म्हणायचं? शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात, वाक्यात शोधायचा, वंशावळीत नाही, हे त्याचं म्हणणं आज जवळजवळ सगळ्या अभ्यासकांना मान्य आहे.

याचं सगळ्यांत नाजूक उदाहरण यशयाच्या ७ व्या अध्यायात आहे. 'अल्मा गर्भवती होईल आणि पुत्राला जन्म देईल' असं तिथे म्हटलंय. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुणी. याचंच पुल्लिंगी रूप 'एलेम' शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तरुण दावीदासाठी येतं. ग्रीक भाषांतराने इथे कुमारिकेसाठीचा शब्द वापरला, मत्तयाने येशूच्या जन्माच्या संदर्भात तेच वाक्य घेतलं, आणि ज्यू-ख्रिस्ती वाद पेटला. जेरोमने 'अल्मा'चा संबंध त्याच व्यंजनांच्या 'लपवणे' या धातूशी जोडला: पुरुषांच्या नजरेपासून जपून ठेवलेली मुलगी, म्हणजे कुमारिका. पण दावीदाला कुणी लपवून ठेवलं नव्हतं. सारखी दिसणारी व्यंजनं कधी कधी दोन वेगळ्या धातूंची असतात, आणि तसं इथे आहे. येशू कुमारीपोटी जन्मला ही ख्रिस्ती श्रद्धा मत्तय आणि लूक यांच्या कथनावर उभी आहे. तिला धातूचा टेकू देण्याची गरज नव्हती, आणि तो टेकू तिला पेलवणाराही नाही.

धातू नेमका कोणता हे ओळखणं हेच मुळी अवघड काम होतं. काही व्यंजनं दुबळी असतात. 'पडणे' हा न-फ-ल, पण 'तो पडेल' म्हणताना यिप्पोल होतं आणि 'न' गळतो. संस्कृतात लोप शिकलेल्याला हे परिचयाचं वाटेल. जुने वैयाकरण जी व्यंजनं सगळ्या रूपांत टिकतात तेवढीच धातूची मानायचे, त्यामुळे त्यांच्या कोशांत दोन अक्षरी आणि चक्क एक अक्षरी धातूही होते. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात यहूदा हय्यूज याने दाखवलं की गळलेली व्यंजनं मोजली तर तीनचा हिशेब सगळीकडे लागतो. ही दृष्टी त्याला अरबी व्याकरणाने दिली. मुसलमान वैयाकरणांनी कुराणाच्या भाषेसाठी जी हत्यारं घडवली, ती एका ज्यू पंडिताने तनाखसाठी वापरली. त्याच्या मागोमाग योना इब्न जनाह याने धातुकोश रचला, तोही अरबी भाषेत. फ्रान्समध्ये बसून तनाखवर सगळ्यांत लोकप्रिय भाष्य लिहिणाऱ्या राशीला (१०४०–११०५) अरबी येत नव्हती, म्हणून हय्यूजचं काम त्याला मिळालं नाही आणि तो जुन्या कोशांवरच विसंबला. राशीचं भाष्य वाचताना एखादी व्युत्पत्ती खटकली तर त्याचं कारण बहुधा इथे असतं.

मात्र ज्यू गुरूंची धातूंशी एक दुसरीही वागणूक आहे, आणि तिला बारच्या तराजूत तोलणं मला बरोबर वाटत नाही. तिचं नाव मिद्राश. हा शब्दच द-र-श, म्हणजे शोधणं, विचारणं, यातून आलाय. 'असं वाचू नकोस, असं वाच' हे त्यांचं आवडतं वाक्य. यशयाच्या ५४ व्या अध्यायात 'तुझ्या मुलांची शांती मोठी होईल' असं आहे. मुलांसाठी शब्द 'बानायिख'. या गुरूंच्या चर्चांचा ग्रंथ तल्मूद म्हणतो, बानायिख वाचू नकोस, 'बोनायिख' वाच, तुझे बांधणारे. विद्वान माणसं जगात शांती वाढवतात, ती नुसती मुलं नाहीत, घर बांधणारी आहेत. या गुरूंना खरा पाठ माहीत नव्हता असं नाही. लिहिलेला शब्द तसाच ठेवून ते त्याच्या शेजारी दुसरा उभा करतात. आणि ही कोटी त्यांनी हवेतून आणली नाही: उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायात निपुत्रिक साराय आपल्या दासीबद्दल म्हणते, 'कदाचित तिच्यामुळे मी बांधली जाईन', म्हणजे मला मूल मिळेल. आपल्या कीर्तनात बुवा एखाद्या ओवीतल्या शब्दाची फोड करून नवा अर्थ काढतात आणि श्रोते माना डोलावतात. ती फोड व्याकरणाच्या परीक्षेत बसत नाही हे बुवांनाही ठाऊक असतं.

मग धातू केव्हा मोजायचा? माझी कसोटी साधी आहे: लेखकाने तो स्वतः हलवलाय का ते पाहावं. रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय याचा सगळ्यांत सुंदर नमुना आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा बसू.

बेथलेहेम, 'भाकरीचं घर', आणि त्या घरातच दुष्काळ पडतो. एक कुटुंब मवाब देशात जातं. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात, उरतात सासू नामी आणि दोन मवाबी सुना, रूथ आणि अर्पा. देवाने आपल्या लोकांना पुन्हा 'लातेत लाहेम लाहेम', भाकर दिली, असं नामीच्या कानावर येतं आणि ती निघते. इथून पुढे एकच धातू वाजू लागतो: शूव, परतणे. एका अध्यायात तो बारा वेळा येतो. आणि गंमत ही, की तो दोन्ही दिशांना ओढतो. नामी बेथलेहेमला परततेय. सुनांना ती म्हणते, परत जा, आपापल्या 'आईच्या घरी'. (आपला 'माहेर' शब्द मातृगृहातूनच आलाय. हिब्रूतलं हे आईचं घर मराठी वाचकाला टीपेशिवाय कळतं.) अर्पा मवाबकडे परतते. रूथ म्हणते, तुला सोडून परत जा असं मला सांगू नकोस. गावाच्या वेशीवर नामी बायकांना म्हणते, भरल्या हातांनी गेले होते, देवाने मला रिकामं परत आणलं. आणि अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात लेखक रूथला म्हणतो, 'मवाबच्या शेतांतून परतलेली'.

रूथ बेथलेहेमला कधीच गेलेली नव्हती. ती परतेल कशी? भाषांतरं इथे कधी 'आली' म्हणतात, कधी वाक्य सासूवर ढकलतात. हिब्रूत शब्द रूथला लागलाय. बारा वेळा दोन मुलुखांमध्ये हेलकावे खाल्लेला हा धातू शेवटी एका परक्या मुलीवर येऊन थांबतो, आणि ती जिथली कधीच नव्हती तिथे परतलेली ठरते. पुढे चौथ्या अध्यायात तिला मूल होतं तेव्हा बायका नामीला म्हणतात, हा तुझा 'मेशीव नेफेश' होईल, तुझा जीव परत आणणारा. रिकामी परतलेली बाई आणि जीव परतवणारं बाळ, दोन्हीकडे तोच धातू.

यिर्मयाने हाच धातू एका वाक्यात तीनदा वळवलाय: 'शूवू बानीम शोवावीम, एर्पा मेशूवोतेखेम'. मराठीत मी ते असं करीन: फिरा माघारी, भलतीकडे फिरलेल्या लेकरांनो, तुमचं ते फिरणं मी बरं करीन. 'फिरणे' हाती असल्यामुळे मराठीत हे जमतं. पण पुढे ज्यू परंपरेत याच धातूवरून 'तेशुवा' हा शब्द स्थिरावला आणि त्याचं भाषांतर आपण 'पश्चात्ताप' करतो, तेव्हा अर्थाची दिशा बदलते. पश्चात्तापात मागाहून होणारी जळजळ आहे, ती मनात बसते. तेशुवात पाय आहेत, घराची वाट आहे.

एकाच धातूचा हा पालुपदासारखा वापर भाषांतरात टिकवायचा असा हट्ट मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनझ्वाइग या दोघा ज्यू विचारवंतांनी धरला. १९२५ मध्ये त्यांनी जर्मन भाषांतर सुरू केलं. हिब्रूत धातू तोच असेल तर जर्मनमध्येही मूळ तेच ठेवायचं, मग वाक्य थोडं कानाला टोचलं तरी चालेल. रोझेनझ्वाइग १९२९ मध्ये गेला. बूबरने ते काम जेरूसलेममध्ये १९६१ साली पुरं केलं.

मराठीतही या वाटेने माणसं गेली आहेत. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आणि पंडिता रमाबाई, ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतच्या ज्ञानासाठी 'पंडिता' म्हटलं होतं, त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. लहानपणापासून धातुपाठ कानावर पडलेली बाई म-ल-ख आणि शूव पाठ करतेय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

एक धातू मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो मुंबईत दगडात उभा आहे. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे. कोकणातून आलेल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, सामाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकाराने, १७९६ साली त्याची स्थापना केली. त्याचं नाव शाआर हारहमीम. शाआर म्हणजे दार, रहमीम म्हणजे दया, करुणा. धातू र-ह-म, ज्यातून अरबीवाटे आपल्याकडे रहम आणि रहिमान आले. आणि 'रेहेम' म्हणजे आईचं गर्भाशय.

इथे आपली कसोटी लावून पाहू. योसेफाला अनेक वर्षांनी धाकटा भाऊ दिसतो तेव्हा त्याचे रहमीम दाटून येतात आणि तो रडायला आत जातो. तो पुरुष आहे, तिथे गर्भाचा विचार कुणाच्या मनात नसावा. आपणही पोटात कालवलं म्हणतो तेव्हा पोटाचा विचार करत नाही. शलमोन राजाच्या न्यायात मात्र एकाच बाळावर दोन बायका हक्क सांगतात, बाळाचे दोन तुकडे करायचा हुकूम होतो आणि खऱ्या आईचे रहमीम पेटतात, अगदी तेच शब्द. तिथे धातू जागा होतो. आणि यशयाच्या ४९ व्या अध्यायात देव विचारतो: बाई आपल्या तान्ह्याला विसरेल का, पोटच्या मुलावर तिला 'मेराहेम', माया, येणार नाही का? टिंबं काढून ती चार अक्षरं नुसती पाहिली तर 'मेरेहेम' असंही वाचता येतं, 'गर्भापासून'. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात हीच चार अक्षरं त्या अर्थाने आलेली आहेत. यशयाच्या वाक्यात दूध पिणारं मूल आहे, आई आहे, पोट आहे. कवीने सगळी भांडी मांडून ठेवली आणि मधोमध हा शब्द ठेवला.

मांडवीच्या त्या नावाचं भाषांतर 'दयेचं दार' असं करतात आणि ते बरोबर आहे. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या घरात मराठी बोलली जात होती, त्याच मराठीत ज्ञानोबाला आणि पंढरीच्या विठोबाला माउली म्हणतात. रहमीम हे व्याकरणाने अनेकवचन आहे.